ऑटोमॅटिक स्पोर्ट्‌स कारमधला मॅन्युअल मोड नेमका कधी वापरायचा?

स्पोर्ट्‌स कारच्या स्टिअरिंगमागची, बोटांनी गिअर बदलायची ती दोन पॅडल बरेच मालक सुरुवातीला हौसेने वापरतात आणि पुढे विसरून जातात. गाडी एकदा ‘डी’मध्ये, म्हणजे गिअर आपोआप बदलणाऱ्या ड्राइव्ह मोडमध्ये, टाकली की तिथेच राहते. विचारलं तर सांगतात, गिअरबॉक्स आपल्यापेक्षा हुशार आहे, आपण कशाला मध्ये पडायचं? चपळाईच्या बाबतीत हे खरंच आहे. आजचा चांगला गिअरबॉक्स जितक्या झटपट गिअर बदलतो, ते माणसाच्या हातापायांना जमणार नाही. पण त्याला रस्ता दिसत नाही. दोनशे मीटरवर अरुंद वळण आहे, पुढचा ट्रक आता बाजू देणार आहे, चढ संपून उतार लागणार आहे, हे तुम्हाला काचेतून दिसतं. गिअरबॉक्सला ते कळतं तुमचा पाय हलल्यावर, म्हणजे उशिरा. मॅन्युअल मोडचा खरा उपयोग इथे आहे: तुम्हाला जे आधी कळलंय, ते गाडीला आधी सांगणं.

एवढं डोक्यात पक्कं बसलं की पॅडल कधी ओढायचं याचं उत्तर बहुतेक वेळा आपसूक सापडतं. पण ते नीट पटायचं असेल तर आधी गिअरचा हिशेब समजून घ्यावा लागेल. तो अवघड नाही.

इंजिनाची ताकद दोन गोष्टींवर ठरते: ते किती जोराने पिळतं, म्हणजे टॉर्क, आणि मिनिटाला किती फेरे घेतं, म्हणजे आरपीएम. न्यूटन मीटरमधला टॉर्क आणि आरपीएम यांचा गुणाकार करून 9,549 ने भागलं की किलोवॉटमध्ये ताकद मिळते. 400 न्यूटन मीटर टॉर्क देणारं इंजिन 3,000 आरपीएमला साधारण 126 किलोवॉट ताकद देतं. तोच टॉर्क 6,000 आरपीएमपर्यंत टिकला तर ताकद 251 किलोवॉट होते. इंजिन तेच, पेट्रोल तेच, फक्त फेरे दुप्पट. म्हणजे गिअर निवडताना आपण ठरवत असतो ते इतकंच की गाडीच्या आत्ताच्या वेगाला इंजिन किती घुमत ठेवायचं, आणि पर्यायाने पाय दाबला तर किती ताकद लगेच हाताशी असेल.

आता ‘डी’मधला गिअरबॉक्स काय करतो ते पाहू. त्याच्यावर इंधन वाचवण्याची, धूर कमी ठेवण्याची आणि केबिनमध्ये शांतता राखण्याची जबाबदारी असते. म्हणून तो शक्य तितक्या लवकर वरचा गिअर टाकतो आणि इंजिन कमी फेऱ्यांवर ठेवतो. रोजच्या प्रवासात हेच योग्य आहे. अडचण येते ती अचानक ताकद हवी झाली की. पाय दाबला, संगणकाने ते वाचलं, किती गिअर खाली यायचं ते ठरवलं, इंजिनाचे फेरे वाढवले, गिअर बदलला, टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) असेल तर त्याचा दाब तयार झाला आणि मग कुठे गाडीने उसळी घेतली. या सगळ्याला अर्धा सेकंद जरी धरला, तरी ताशी 80 किलोमीटर वेगाने गाडी तेवढ्यात 11 मीटर पुढे गेलेली असते. सरळ रस्त्यावर हे 11 मीटर जाणवत नाहीत. वळणातून बाहेर पडताना किंवा ओव्हरटेक करताना फार जाणवतात.

एक खरा गिअरबॉक्स घेऊन आकडे बघू, म्हणजे पॅडल ओढल्यावर आत काय होतं ते डोळ्यांसमोर येईल. झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ गिअरचा 8एचपी गिअरबॉक्स 2009 पासून कितीतरी कंपन्यांच्या गाड्यांमध्ये बसतोय, स्पोर्ट्‌स कारमध्येही. त्याच्या सुरुवातीच्या पिढीतले गुणोत्तरांचे आकडे, म्हणजे गिअरबॉक्समधून एक फेरा बाहेर पडायला इंजिनाला किती फेरे घ्यावे लागतात ते, असे: पहिला 4.71, दुसरा 3.14, तिसरा 2.11, चौथा 1.67, पाचवा 1.29, सहावा बरोबर 1, सातवा 0.84 आणि आठवा 0.67. सहाव्याचा आकडा 1 असल्यामुळे हिशेब सोपा होतो. समजा तुम्ही सहाव्यात आहात आणि इंजिन 3,000 आरपीएमवर आहे. डावं पॅडल एकदा ओढलं, पाचवा पडला, की त्याच वेगाला इंजिन सुमारे 3,860 वर जाणार. आणखी एकदा, चौथा: सुमारे 5,000. आणखी एकदा, तिसरा: 6,300 च्या वर. आणखी एकदा ओढलं तर दुसऱ्यात इंजिनाला 9,400 वर जावं लागेल. रेडलाइन, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांची वरची मर्यादा, 7,000 असेल तर गिअरबॉक्स ही मागणी सरळ नाकारेल. डॅशबोर्डवर एखादी खूण चमकेल किंवा टिंग असा आवाज येईल आणि गाडी तिसऱ्यातच राहील.

या छोट्या गणितात बरंच काही दडलंय. एक तर खालचे गिअर एकमेकांपासून लांब आहेत आणि वरचे जवळजवळ. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना फेरे एक तृतीयांशाने पडतात. सातव्यातून आठव्यात जाताना जेमतेम पाचवा भाग. म्हणून वरच्या गिअरमध्ये एकच पॅडल ओढलं तर फारसं काही घडल्यासारखं वाटत नाही, आणि नवशिक्यांना वाटतं की पॅडल उगाच आहेत. सातव्यातून जोर हवा असेल तर दोन-तीन गिअर खाली यावं लागतं. उलट, तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना फरक एवढा मोठा असतो की तिथे वेळ चुकवून चालत नाही.

दुसरं, गिअर खाली घेताना इंजिनाला मधल्या क्षणात फेरे वाढवावे लागतात. क्लच पायाने दाबायच्या गाडीत हे काम चालकाला करावं लागतं. ब्रेकवर पंजा ठेवून त्याच पायाच्या कडेने अ‍ॅक्सिलरेटरला ठोसा द्यायचा, ही कसबी माणसाची खूण मानली जाते. पॅडलच्या गाडीत हे संगणक करतो. गिअर खाली घेताना सायलेन्सरमधून जो छोटासा हुंकार ऐकू येतो तो बऱ्याच गाड्यांमध्ये याच कामाचा असतो. (काही गाड्यांत तो मुद्दाम मोठा केलेला असतो, ते सोडा.) इंजिनाचे फेरे आणि चाकांचा वेग जुळले की गिअर झटका न देता बसतो.

आत नक्की कोणता गिअरबॉक्स आहे, यावर पॅडलचा अनुभव अवलंबून असतो. ते माहीत नसेल तर लोक एका गाडीची सवय दुसरीत नेतात आणि मग गाडीला नावं ठेवतात.

टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेला भाग असतो. इंजिनाकडचं पातं तेल घुसळतं आणि ते तेल पलीकडचं पातं फिरवतं. त्यामुळे गाडी निघताना मऊ निघते आणि वाहनांच्या रांगेत सरकायला सुखाची असते. मात्र तेलातून थोडी ताकद गळते आणि पायाचा इशारा चाकांपर्यंत किंचित सैल पोहोचतो. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअल मोड नकोसा वाटायचा तो यामुळेच. पोर्शेने 1990 च्या मॉडेलच्या 911 करेरा 2 मध्ये टिपट्रॉनिक आणला, तेव्हा ऑटोमॅटिकच्या दांड्याला बाजूला वेगळी खाच देऊन पुढे-मागे ढकलत गिअर बदलायची सोय लोकप्रिय झाली. पण गिअर चारच होते आणि प्रतिसाद आरामशीर. आताच्या गिअरबॉक्समध्ये गाडी निघाली की थोड्याच वेळात इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा आतला लॉकअप क्लच लागतो, तेलाचा सैलपणा संपतो आणि पॅडल ओढल्यावर काम चोख होतं.

दुसरा प्रकार शर्यतीतून आला. 1989 च्या ब्राझीलच्या ग्रां प्रीमध्ये फेरारीने स्टिअरिंगमागे पॅडल असलेली 640 ही गाडी उतरवली. जॉन बर्नार्डने आखलेल्या त्या गाडीचा गिअरबॉक्स सरावात सारखा बिघडत होता. शर्यत पूर्ण होईल अशी खुद्द संघालाही फारशी आशा नव्हती, आणि नायजेल मॅन्सेलने ती जिंकली. स्टिअरिंगवरून हात न काढता गिअर बदलता येतो याचा फायदा सगळ्यांना दिसला आणि काही वर्षांत फॉर्म्युला वनमधला गिअरचा दांडा इतिहासजमा झाला. 1997 मध्ये एफ355 एफ1 च्या रूपाने ही पॅडल रस्त्यावरच्या फेरारीत आली. त्या काळच्या अशा गाड्यांत साधा गिअरबॉक्स आणि एकच क्लच असतो. फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम हायड्रॉलिक यंत्रणा करते. गिअर बदलताना क्लच सुटतो, ताकद थांबते, माना पुढे झुकतात. अशी जुनी गाडी कुणाकडे असेल तर वरचा गिअर टाकताना अ‍ॅक्सिलरेटर किंचित सोडावा, झटका बराच कमी होतो.

तिसरा प्रकार म्हणजे ड्युअल क्लच. एका क्लचवर 1, 3, 5, 7 हे गिअर आणि दुसऱ्यावर 2, 4, 6. विहिरीतून दोर ओढताना एक हात पुढची पकड घेतो तेव्हाच दुसरा सोडतो, तसं इथे एक क्लच लागता लागता दुसरा सुटतो आणि ओढ तुटत नाही. पोर्शेने 1980 च्या दशकात हे 956 आणि 962 या शर्यतीच्या गाड्यांवर तपासून पाहिलं. मोठ्या संख्येने विकल्या जाणाऱ्या गाडीत ते 2003 मध्ये फोक्सवॅगन गोल्फ आर32 मधून आलं. आणि 911 मध्ये पीडीके या नावाने 2008 मध्ये. इथे वरचा गिअर टाकताना पाय सोडायची अजिबात गरज नाही, उलट सोडला तर बदल खडबडीत होतो.

ड्युअल क्लचचं एक वैशिष्ट्य मॅन्युअल मोड वापरणाऱ्याने ध्यानात ठेवावं. पुढचा गिअर तो आधीच लावून ठेवतो. तुम्ही तिसऱ्यात जोरात निघाला असाल तर त्याने चौथा तयार ठेवलेला असतो. नेमका त्याच क्षणी तुम्ही दुसरा मागितलात तर त्याला चौथा काढून दुसरा लावावा लागतो आणि थोडा वेळ जातो. म्हणून पाय खोलवर दाबलेला असताना एकदम गिअर खाली मागितला की पॅडल ‘अडखळलं’ असं वाटतं. ब्रेकवर पाय ठेवून मागितलात तर खालचाच गिअर तयार असतो आणि तो चटकन मिळतो. चांगले चालक खालचे गिअर ब्रेक मारतानाच घेतात, त्याला इतर कारणांइतकंच हेही एक कारण आहे.

वळण

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, कारण मॅन्युअल मोडचं खरं मोल वळणावर कळतं.

‘डी’मध्ये वळणाकडे येताना काय होतं? तुम्ही पाय सोडता. गिअरबॉक्सला वाटतं, घाई संपली. तो वरच्या गिअरमध्येच राहतो किंवा आणखी एक वर टाकतो. तुम्ही ब्रेक मारता, वळता, वळण उलगडायला लागतं, पाय दाबता. आता तो जागा होतो आणि दोन गिअर खाली टाकतो. नेमका हा क्षण सगळ्यात वाईट असतो. गाडी अजून कललेली आहे, टायर आडव्या जोराने आधीच ताणलेले आहेत, आणि त्यांच्यावर ताकदीचा एकदम लोट येतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं शेपूट इथे हलू शकतं. स्पोर्ट मोडमध्ये गिअरबॉक्स शहाणा होतो हे मान्य. ब्रेक जोरात लागला की तो स्वतः गिअर खाली घेतो आणि गाडी आडवी ओढली जातेय हे सेन्सरवरून कळलं की वरचा गिअर टाकायचं थांबतो. पण तरीही तो घडून गेलेल्या गोष्टींवरूनच अंदाज बांधतो.

मॅन्युअल मोडमध्ये हेच वळण असं घ्यायचं. वळण दिसलं, आपण पाचव्यात आहोत. आधी ब्रेक, दोन्ही हात स्टिअरिंगवर, गाडी अजून सरळ. वेग उतरायला लागला की डावं पॅडल: चौथा. वेग आणखी उतरू द्या, आरपीएमचा काटा खाली येताना बघा, मग परत: तिसरा. दोन्ही एका दमात ओढू नका. प्रत्येक वेळी इंजिनाला बसायला क्षणभर द्या. स्टिअरिंग फिरवायला लागाल तोवर गिअरचं काम संपलेलं असलं पाहिजे. वळणात पॅडलला हात नाही. अ‍ॅक्सिलरेटर अगदी थोडा, गाडी एका तोलावर राहील एवढाच. वळणाचं टोक ओलांडलं, बाहेरचा रस्ता दिसला, की स्टिअरिंग जितकं सरळ होत जाईल तितका पाय दाबत जायचं. तिसरा गिअर तयार आहे, इंजिन 4,000 च्या वर घुमतंय, टर्बोमध्ये दाब आहे. पायाने जेवढं मागाल तेवढंच आणि त्याच क्षणी मिळतं. वेग न वाढवताही हा फरक जाणवतो. गाडी शांत वाटते, कारण मध्येच काही बदलत नाही.

वळणाच्या मधोमध गिअर खाली घेऊ नका, हे मी ठासून सांगेन. खालचा गिअर पडला की इंजिन चाकांना मागे ओढतं, आणि ही ओढ फक्त चालवणाऱ्या चाकांवर येते. ती मागची असतील तर आडव्या जोरात आधीच गुंतलेल्या मागच्या टायरांची पकड सुटू शकते. पावसात तर नक्कीच. गिअर चुकलाय असं वळणात लक्षात आलं तर चुकीच्या गिअरमध्येच शांतपणे वळण पूर्ण करा. थोडी ताकद कमी मिळेल, बिघडणार काही नाही.

उतार

लांब उतारावर मॅन्युअल मोड सुरक्षेचं साधन आहे. माझ्या मते एरवी पॅडलला हात न लावणाऱ्यानेही निदान यासाठी ते शिकावं. ब्रेक गाडीच्या गतीचं रूपांतर उष्णतेत करतो. सतत लावून ठेवला तर डिस्क आणि पॅड तापतात, पकड कमी होते. फारच तापलं तर ब्रेकचं तेल उकळून त्यात वाफ होते आणि पायाखालचं ब्रेकचं पेडल मऊ होऊन खाली जातं. गिअर खाली घेतला की इंजिनच गाडीला धरून ठेवतं. थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, बंद असताना इंजिनाला हवा ओढायला आणि स्वतःचं घर्षण सोसायला ताकद लागते, ती ते चाकांकडून घेतं. फेरे जितके जास्त तितकी धरून ठेवायची ताकद जास्त. आणि इंजिनाचा आवाज चढलाय म्हणून पेट्रोल जळतंय असं समजू नका: गिअरमध्ये असताना पाय पूर्ण सोडला की आजची इंजिनं इंधनाचा पुरवठा तोडतात, फेरे निष्क्रिय गतीच्या जवळ येईपर्यंत.

कोणता गिअर? उताराच्या सुरुवातीलाच निवडायचा, वेग वाढल्यावर नाही. ज्या गिअरमध्ये पाय सोडलेला असताना गाडी आपसूक फार धावत नाही, अधूनमधून ब्रेकचा हलका स्पर्श पुरतो, तो बरोबर. सतत ब्रेक लागतोय असं वाटलं तर आणखी एक खाली. आधी ब्रेकने वेग कमी करून मगच खाली यायचं, म्हणजे गिअरबॉक्सही नकार देणार नाही.

ओव्हरटेकचं तर्कशास्त्र वळणासारखंच आहे, फक्त सोपं. समोरचा रस्ता मोकळा होण्याची वाट बघताना दोन गिअर खाली घेऊन ठेवा, इंजिन 4,000 च्या आसपास येऊ द्या. मोकळीक मिळाली की पाय दाबताक्षणी गाडी निघते आणि दुसऱ्या वाहनाच्या बाजूने जाण्याचा काळ कमी होतो. मोकळीक मिळाली नाही तर वर टाका, काही बिघडलं नाही. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला की तिथे एक कठीण टप्पा लागतो, त्याला किकडाऊन म्हणतात. बऱ्याच गाड्या मॅन्युअल मोडमध्येही हा टप्पा ओलांडला की स्वतःहून खाली येतात. काही नाही येत. आपल्या गाडीचं काय ते मोकळ्या रस्त्यावर आधीच बघून ठेवलेलं बरं.

निसरड्या रस्त्यावर उलट करायचं. वरचा गिअर घ्यायचा. ओल्या किंवा चिखलाच्या जागेवरून निघताना दुसऱ्या गिअरमध्ये निघालं तर चाकांवर येणारा जोर कमी होतो आणि ती जागच्या जागी फिरत नाहीत. बहुतेक गाड्या उभ्या असताना मॅन्युअल मोडमध्ये दुसरा गिअर मागितला तर देतात.

मॅन्युअल मोडमध्ये गाडी पूर्ण तुमच्या हाती येते, हा मात्र गैरसमज आहे. क्लच तुमच्याकडे येत नाही, कधीच. पॅडल म्हणजे मागणीचं बटण. मंजूर करणारा संगणकच. तो इंजिनाला इजा होईल असा खालचा गिअर देणार नाही. वेग फार कमी झाला तर स्वतः खाली आणेल, त्यामुळे सिग्नलला थांबताना गाडी बंद पडेल ही भीती नको. रेडलाइनला पोहोचल्यावर मात्र कंपन्यांमध्ये फरक आहे: काही गाड्या स्वतः वरचा गिअर टाकतात, काही तुमचा शब्द पाळून तिथेच थांबतात आणि इंजिन मर्यादेवर आपटत राहतं. थोडा वेळ आपटलं तर नुकसान होत नाही, पण ताकद तुटते आणि ओव्हरटेकमध्ये ते नको असतं. म्हणून काटा टोकाला जाण्याच्या जरा आधी उजवं पॅडल ओढावं. डोळ्याला दिसून बोट हलेपर्यंत इंजिन पुढे गेलेलं असतं, विशेषतः पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये.

इंजिन थंड असताना हा सगळा प्रकार बंद. पाण्याचं तापमान लवकर चढतं, तेलाचं त्याच्या बरंच मागून, आणि घट्ट तेल वेगाने फिरणाऱ्या भागांना नीट पुरत नाही. बीएमडब्ल्यूच्या ई46 एम3 मध्ये यासाठी फार चांगली सोय होती: आरपीएमच्या तबकडीवर इशाऱ्याचे दिवे होते, तेल थंड असताना ते खालच्या आकड्यापासून पेटलेले असत आणि तेल गरम होईल तसतसे एकेक विझत जात. किती घुमवायला परवानगी आहे, ते समोर दिसे. आपल्या गाडीत तेलाच्या तापमानाचा काटा असेल तर तो बघायची सवय लावा. नसेल तर पहिली दहा-पंधरा मिनिटं ‘डी’मध्येच हळू चालवा.

वाहनांच्या गर्दीत मॅन्युअल मोड घेण्यात अर्थ नाही. तिथे तुम्हाला गाडीपेक्षा जास्त काही दिसत नसतं, पहिल्या-दुसऱ्यामध्ये नुसती चाळवाचाळव होते. क्लच कोरडा, म्हणजे तेलात न बुडालेला, असेल अशा ड्युअल क्लच गाड्यांत रांगेत इंच इंच सरकल्याने तो घासून तापतो आणि मॅन्युअल मोडने त्यात काही सुधारत नाही; पुढच्या गाडीशी थोडं अंतर पडू द्या आणि मग एकदाच नीट पुढे जा. चढावर ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरने गाडी धरून ठेवणं तर टाळाच. सरळ, मोकळ्या, लांब रस्त्यावरही ‘डी’च बरा. तिथे एकच अपवाद मला पटतो: स्पोर्ट मोडमधलं घट्ट स्टिअरिंग आणि सस्पेन्शन हवंय, पण गिअरबॉक्स उगाच चौथ्यात अडून बसलाय, तेव्हा पॅडलने सातवा टाकून इंजिन शांत करावं.

हातांबद्दल थोडं. पॅडलमध्ये डावं खाली, उजवं वर, हे आता बहुतेक सगळीकडे सारखं आहे. दांड्याची दिशा मात्र कंपनीगणिक बदलते. बीएमडब्ल्यू आणि माझदामध्ये मागे ओढलं की वरचा गिअर आणि पुढे ढकललं की खालचा. इतर बऱ्याच गाड्यांत याच्या उलट. पहिली पद्धत शर्यतीच्या गाड्यांतली आहे आणि शरीराला ती जुळते, कारण ब्रेक मारताना अंग पुढे जातं आणि तेव्हाच खालचा गिअर हवा असतो. जोर घेताना अंग मागे रेटलं जातं आणि तेव्हा वरचा. पॅडल स्टिअरिंगबरोबर फिरतात की खांबाला पक्की आहेत, हेही बघा. फेरारी आणि अल्फा रोमिओच्या जुलिया क्वाद्रिफोल्यो अशा गाड्यांत ती पक्की असतात, स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी जागा तीच. निसान जीटी-आरमध्येही आधी तशी होती, 2017 च्या मॉडेलपासून ती स्टिअरिंगवर आली. दोन्हीला आपापले कारण आहे, पण वळणात गिअर बदलायचाच नाही ही सवय लागली की हा वाद फार उरत नाही. काही गाड्यांत दोन्ही पॅडल एकदम ओढली की गाडी न्यूट्रलमध्ये जाते. चालत्या गाडीत हे नकळत व्हायला नको.

रोल्स-रॉइसने 2013 च्या रेथमध्ये उपग्रहाच्या नकाशावरून पुढचं वळण ओळखून गिअर निवडणारी यंत्रणा दिली. म्हणजे गिअरबॉक्सला पुढचं दिसत नाही ही उणीव बनवणाऱ्यांनाही ठाऊक आहे आणि ती भरून काढायचे प्रयत्न चालू आहेत. नकाशाला वळण कळतं. त्या वळणात आज वाळू सांडलीय, समोरून सायकलवाला येतोय, हे मात्र कळत नाही. बहुतेक विजेच्या गाड्यांत तर बदलायला गिअरच नसतात, तरी ह्युंदाईने 2023 च्या आयोनिक 5 एन मध्ये पॅडल देऊन आठ गिअरचा आभास तयार केला: पॅडल ओढलं की मोटारीचा जोर क्षणभर तुटतो आणि आवाज बदलतो. मला यात काही वावगं वाटत नाही. गिअरच्या पायऱ्यांवरून चालकाला गाडीच्या वेगाचा अंदाज येतो, ब्रेक कुठे मारायचा याचं भान राहतं. गिअर नसलेल्या गाडीत ते भान नव्याने शोधावं लागतं.

सवय लावायची तर पूर्ण प्रवास मॅन्युअलमध्ये करायची गरज नाही. ‘डी’मध्येच राहा आणि वळण किंवा उतार आला की डावं पॅडल ओढा. बहुतेक गाड्या तात्पुरत्या मॅन्युअलमध्ये जातात, काही सेकंद पॅडलला हात लागला नाही आणि रस्ता सरळ असला की स्वतःहून परततात. लवकर परतायचं असेल तर उजवं पॅडल थोडा वेळ ओढून धरलं की पुष्कळ गाड्यांत काम होतं. ओळखीच्या, रिकाम्या रस्त्यावरचं एकच वळण निवडा आणि दर वेळी त्याच जागी, त्याच गिअरमध्ये या. सुरुवातीला नजर काट्याकडे जाईल, जाऊ द्या. सरळ पट्ट्यात असेपर्यंतच मात्र. हळूहळू कोणत्या आवाजाला किती आरपीएम असतात ते कान शिकतो. वळण तिसऱ्याचं की दुसऱ्याचं अशी शंका आली तर सुरुवातीला तिसराच घ्या: वरच्या गिअरमध्ये पायाची चूक गाडी पचवते, खालच्यात तीच चूक मोठी होऊन चाकांपर्यंत जाते.